मानवी हक्क विषयात एम.ए. करावं की आधी एलएलबी? (ऐरोली)

कोपरखळी

नमस्कार मंडळी,

मी ऐरोलीत राहते. ठाण्यातून राज्यशास्त्रात बी.ए. केलं. सध्या रबाळे एमआयडीसीत एका कंत्राटदाराकडे कामगारांचं मस्टर आणि पीएफ-ईएसआयसीचं काम बघते. मस्टरवर आठ तास, गेटच्या रजिस्टरात बारा, आणि पगाराच्या दिवशी आठांवर अंगठा. हे रोज बघून बघूनच या विषयाकडे वळले. (कंपनीचं नाव विचारू नका, नोकरी चालू आहे.)

मला मानवी हक्क विषयात पदव्युत्तर शिक्षण घ्यायचंय. दिल्लीच्या जामियात आणि अलिगढला एम.ए. आहे, पण घर सोडून जाणं जमणार नाही. बंगळुरूच्या नॅशनल लॉ स्कूलचा दूरस्थ पीजी डिप्लोमा आहे, इग्नूचं सर्टिफिकेट आहे. यांना नोकरीच्या बाजारात कोण विचारतं? आई म्हणते एचआरमध्ये एमबीए कर आणि मोकळी हो. जाणकारांनी स्पष्ट सांगावं, गोड बोलू नये.

माजी_प्राध्यापक

मानवी हक्क आयोगातली नोकरी डोक्यात असेल तर आधी 1993 चा मानवी हक्क संरक्षण कायदा वाचा. तपास शाखा पोलीस अधिकाऱ्याच्या हाताखाली असते, आणि आयोग शिफारस करतो, शिक्षा सुनावत नाही. एम.ए. झालं की थेट आत, असा रस्ता नाही. दिल्लीच्या आयोगाची इंटर्नशिप मात्र शिकताना जरूर करा. प्राध्यापकीसाठी लागणाऱ्या यूजीसी-नेट परीक्षेला 'ह्यूमन राइट्स अँड ड्यूटीज' हा स्वतंत्र विषय आहे, पण त्या नावाचे विभाग मोजकेच, तेव्हा जागांचं तुम्हीच समजून घ्या.

वकीलसाहेब_चरई

ताई, स्पष्ट मागितलंत म्हणून सांगतो. आधी एलएलबी. तीन वर्षं जातील, पण वकिलीची सनद हातात येईल. नुसत्या एम.ए.वर कोर्टात उभं राहता येत नाही, आणि या क्षेत्रातलं निम्मं काम कोर्टातच अडकलेलं असतं.

उदाहरण तळोजा किंवा ठाणे कारागृहाचं घ्या. जामीन मंजूर झालाय, पण हमीदार नाही म्हणून माणूस आतच. कुणाची तारीख लागते, पण पोलीस बंदोबस्त नाही म्हणून कोर्टात आणतच नाहीत. बीएनएसएसच्या (जुन्या सीआरपीसीच्या जागी आलेली भारतीय नागरिक सुरक्षा संहिता) कलम 479 प्रमाणे आधी कधीच शिक्षा न झालेल्या कच्च्या कैद्याने (खटला संपायचाय असा) कमाल शिक्षेच्या एक-तृतीयांश काळ आत काढला की त्याला सोडायला हवं (फाशी-जन्मठेपेचे गुन्हे वगळून). पण त्याचे दिवस मोजून अर्ज कोण करणार? कुणीतरी वही घेऊन बसावं लागतं. टिसचा (टाटा समाजविज्ञान संस्था) 'प्रयास' प्रकल्प 1990 पासून कोठडीतल्या लोकांसोबत असंच काम करतोय. तिथे समाजकार्य शिकलेले लोक लागतात, वकीलही लागतात. मानवी हक्कांचं काम म्हणतात ते हे. जाहिरातीत मात्र 'सोशल वर्कर' नाहीतर 'लीगल एड' असं लिहिलेलं असतं, तेव्हा 'ह्यूमन राइट्स' टाकून नोकऱ्या शोधत बसू नका.

एलएलबीनंतर देवनारला टिसमध्येच 'ॲक्सेस टू जस्टिस'मधलं एलएलएम आहे. ऐरोलीहून वाशीला गाडी बदलली की गोवंडी, घर सोडायला नको. आणि आत्ताच काही सुरू करायचं असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे विधी स्वयंसेवक व्हा. त्याला वकिलीची पदवी लागत नाही. मानधन किरकोळ, पण पोलीस ठाणं, तुरुंग, बालगृह आतून कसं चालतं ते दिसेल. तेवढं बघूनही इच्छा टिकली तर फी भरा.

सीवूड्सचा_सीए

वकीलसाहेबांशी अर्धा सहमत. आईंचं अगदीच चूक नाही. सेबीने 2022-23 पासून बाजारमूल्याने पहिल्या 1000 लिस्टेड कंपन्यांना बीआरएसआर (व्यवसायाची जबाबदारी आणि शाश्वतता यांचा) अहवाल सक्तीचा केलाय, आणि त्यातलं पाचवं तत्त्व मानवी हक्कांचंच आहे. किमान वेतन, तक्रार निवारण, बालमजुरी, सगळं लिहून द्यावं लागतं. ते भरणाऱ्यांपैकी बहुतेकांनी मस्टर कधी डोळ्यांनी पाहिलेलं नसतं. तुम्ही रोज पाहता. सोशल ऑडिटवाल्यांना (कंपनीत कामगारांना कसं वागवतात ते तपासणाऱ्यांना) अशी माणसं हवी असतात, पगारही संस्थांपेक्षा बरा. नोकरी न सोडता दूरस्थ डिप्लोमा करा, या कामाला तो पुरतो.

वकीलसाहेब_चरई

पुरतो, मान्य. पण अहवाल भरून त्या आठ-बारा तासांचं काय होणार? ऑडिटरला पैसे कंपनीच देते.

सीवूड्सचा_सीए

कोर्टात जाऊन तरी लगेच काय होतं, साहेब! असो, धागा त्यांचा आहे.

कोपरखळी

दोघांचेही आभार, भांडू नका. :) आईला बीआरएसआरचं वाचून दाखवलं, तिला ते पटलं. मला मात्र तुरुंगाचं डोक्यातून जाईना. एलएलबीच्या सीईटीचा (प्रवेश परीक्षेचा) फॉर्म भरायचं जवळजवळ ठरलंय. आता दोनच गोष्टी सांगा: विधी स्वयंसेवकांचे अर्ज ठाण्यात साधारण कधी निघतात, आणि सकाळची बॅच असलेलं लॉ कॉलेज ठाण्यात बघू की नवी मुंबईत? मला साडेनऊला गेटवर असावं लागतं, आणि हजेरीच्या बाबतीत कॉलेज कडक असतं असं ऐकलंय.