मदत हवी आहे: लूमच्या शेडमध्ये इलेक्ट्रिकल कामासाठी कोणत्या मटेरियलचे हातमोजे घ्यावेत?

नमस्कार मंडळी,

सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या पॉवरलूमची इलेक्ट्रिकल मेंटेनन्सची कामं घेतो. मोटर, स्टार्टर, पॅनेल, सगळं ४१५ व्होल्टचं. लाइन बंद केल्याशिवाय हात घालायचा नाही हा नियम आहेच, पण लाइन खरंच बंद झाली का हे तपासायला पॅनेल उघडावंच लागतं. सोबतची पोरं कोवळी आहेत, त्यांच्या हाताची काळजी वाटते.

दुकानात तीन प्रकार दाखवले. निळे नायट्राइलचे (एक कृत्रिम रबर) तेलाला चांगले, पण त्यांच्यावर व्होल्टेजचा शिक्काच नाही, आणि नायट्राइल नैसर्गिक रबराइतकं चांगलं इन्सुलेटर नाही असं वाचलंय. जाड काळे रबरी मोजे स्वस्त, तेही बिनशिक्क्याचे. काळ्या रबरात कार्बन जास्त असेल तर त्यातून करंट जाऊ शकतो ना? तिसरे लाल लेबलचे, नैसर्गिक रबराचे, क्लास ० (किती व्होल्टपर्यंत चालतो तो दर्जा), आयईसी ६०९०३ (विजेच्या कामाच्या हातमोज्यांचं आंतरराष्ट्रीय मानक). माझा कल यांच्याकडे आहे. पण लूमचं तेल-ग्रीस लागून रबर फुगतं, त्याचं काय? शिवाय क्लास ०० पातळ असतो, त्याने स्टार्टरचे बारीक स्क्रू धरता येतील. तो चालेल का?

प्रतिसाद:
दादा, क्लास ०० ची मर्यादा ५०० व्होल्ट, टेस्ट २,५०० ला. क्लास ० ची १,००० व्होल्ट, टेस्ट ५,००० ला. ४१५ ला ०० नियमात बसतो, पण पोरं शिकाऊ असतील तर ० च घ्या. बिनशिक्क्याचे मोजे कितीही जाड असले तरी विजेच्या कामाला घेऊ नका. लेबलवरची अक्षरं बघा: एच म्हणजे तेलाला टिकणारा, झेड म्हणजे ओझोनला, आर म्हणजे तेल, ओझोन, अ‍ॅसिड तिन्हींना. वरून चामड्याचे मोजे हवेतच, तारेच्या टोकाने रबराला भोक पडायला वेळ लागत नाही. घामासाठी आत सुती अस्तर घाला.

रोज घालण्याआधी मनगटाकडून गुंडाळत हवा कोंडा, बोटं टम्म फुगली की गालाजवळ फिरवा. झुळूक लागली तर मोजा बाद. दर सहा महिन्यांनी लॅबमध्ये टेस्टही करून घ्या.

मूळ धागाकर्ता:
खूप आभार. फोटो मोठा करून बघितला, लाल लेबलवर ए (अ‍ॅसिड), झेड, सी (कडक थंडी) आहे, एच नाही. उद्या आर असलेली जोडी मागवायला सांगतो.