श्वासाचा ताल संगणकाच्या हाती द्यावा का?

धागाकर्ता

पडद्यावरचे वर्तुळ फुगू लागले की श्वास घ्यायचा आणि ते आकसू लागले की सोडायचा, एवढ्यावरच श्वसनाचा सराव करून घेणारी बहुतेक सॉफ्टवेअर चालतात. प्रौढ माणूस विश्रांतीत मिनिटाला साधारण १२ ते २० श्वास घेतो. ही सॉफ्टवेअर त्याला ६ च्या आसपास आणू पाहतात. माझा आक्षेप गतीला नसून आंधळेपणाला आहे. सरावाच्या दुसऱ्या आठवड्यात चौथ्या मिनिटाला माझ्या बोटांना मुंग्या आल्या, डोके हलके झाले, आणि वर्तुळ मात्र निर्विकारपणे फुगत राहिले.

कारण साध्या गणितात सापडते. नेहमीच्या श्वासात सुमारे ५०० मिली हवा आत जाते, त्यातली १५० मिली श्वासमार्गातच राहते. म्हणजे १२ श्वासांत ४२०० मिली हवा वायुकोशांपर्यंत पोहोचते. तेवढीच हवा ६ श्वासांत पोहोचवायची, तर ८५० मिलीचा श्वास पुरतो. मी छाती भरून दीड लिटर ओढत असेन, तर हाच आकडा ८१०० मिलीवर जातो, रक्तातला कार्बन डायऑक्साइड गरजेपेक्षा जास्त बाहेर पडतो आणि मुंग्या येतात. शिकणाऱ्याची चूक ज्याला दिसतच नाही, त्याच्याकडून शिकायचे तरी काय?

प्रतिसाद १

साफ असहमत. श्वास घेताना हृदयाची गती वाढते आणि सोडताना मंदावते, हे कार्ल लुडविग या जर्मन शरीरक्रियाशास्त्रज्ञांनी १८४७ मध्येच नोंदवले होते. रक्तदाब सावरणाऱ्या प्रतिक्षिप्त क्रियेचे एक आवर्तन साधारण १० सेकंदांचे असते. श्वासही तेवढाच लांबवला की दोन्ही हेलकावे एकमेकांना बळ देतात आणि हृदयगतीतला चढउतार सर्वाधिक होतो. मिनिटाला ६ हा आकडा तिथून आला आहे, तो कोणा प्रोग्रामरची लहर नव्हे.

बाहेरून ताल घेण्यातही नवे काही नाही. बर्नार्डी हे इटालियन संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये दाखवून दिले की जपमाळेवरची लॅटिन प्रार्थना आणि योगातला मंत्र, दोन्ही म्हणताना श्वास आपोआप मिनिटाला ६ च्या जवळ येतो. ताल मण्यांनी दिला की पडद्याने, फुप्फुसांना त्याचे सोयरसुतक नसते. गाणारा बेसूर झाला म्हणून कोणी तंबोऱ्याला दोष देत नाही. आपली अडचण सूचनेची होती. ‘हळू आणि हलका श्वास घ्या’ एवढे लिहिले असते तरी भागले असते.

धागाकर्ता

सूचना होती की! ‘खोल श्वास घ्या’ अशी. मी ती इमानेइतबारे पाळली, हीच तर तक्रार आहे.

प्रतिसाद २

मी या क्षेत्रात सॉफ्टवेअर लिहितो, म्हणून एक भेद मांडतो. फक्त ताल देणारे सॉफ्टवेअर वेगळे आणि मोजून ताल बदलणारे वेगळे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००२ मध्ये उच्च रक्तदाबासाठी मान्यता दिलेले एक उपकरण छातीच्या पट्ट्यावरून आधी आपला चालू श्वास मोजते आणि त्यावरूनच सूर ठरवून उच्छ्वास हळूहळू लांबवत नेते. लेरर आणि वाशिलो या संशोधकांच्या पद्धतीत मिनिटाला ६.५ पासून ४.५ पर्यंतचे वेग थोडा थोडा वेळ करून पाहतात आणि ज्याचा त्याचा वेग शोधतात. फोनच्या कॅमेऱ्यावर बोट ठेवले तरी ठोक्यागणिक बदलणाऱ्या रंगावरून हृदयगती बऱ्यापैकी मिळते.

पण मोजले की सगळे सुटते, असे धागाकर्त्यांनी समजू नये. हृदयगतीतल्या चढउतारावर गुण देणारी सॉफ्टवेअर आहेत, आणि तो चढउतार मोठमोठे श्वास घेतल्यानेही वाढतो. म्हणजे ज्या चुकीमुळे आपल्याला मुंग्या आल्या, तिलाच तिथे शाबासकी मिळू शकते. ती चूक थेट पकडायची तर नाकाशी नळी लावून कार्बन डायऑक्साइड मोजावा लागतो, आणि ते फोनच्या आवाक्यातले काम नाही.

प्रतिसाद ३

मुळात ६ या आकड्याचे इतके कौतुक कशाला? २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत ४०० जणांपैकी काहींनी मिनिटाला ५.५ आणि इतरांनी १२ श्वासांचा सराव रोज १० मिनिटे, असा चार आठवडे केला. ताण आणि मनःस्थिती यांबाबतीत दोन्ही गटांत फरक आढळला नाही. मला तर वाटते, दहा मिनिटे गप्प बसणे हेच खरे औषध असावे.

प्रतिसाद १

त्या चाचणीत दोन्ही गट तालावरच श्वास घेत होते, हे आपण नजरेआड करता. त्यातून फार तर ५.५ चे वेगळेपण नाकारता येईल. तालाचा उपयोग नाही किंवा नुसते बसणे पुरेसे आहे, असे त्यातून निघत नाही, कारण नुसते बसणारा गट तिथे नव्हताच. शिवाय तिथे लोकांनी स्वतः सांगितलेला ताण मोजला होता. रक्तदाबाचा प्रश्न निराळा आहे.

धागाकर्ता

हा मुद्दा मान्य. माझा आक्षेप मात्र अजून उभा आहे, कारण पडदा बंद केला की माझा श्वास पाचव्या मिनिटाला पुन्हा जुन्या वेगावर येतो. शिकलो ते वर्तुळामागे जाणे, श्वास नव्हे. हळूहळू स्वतःच गप्प होत जाणारे सॉफ्टवेअर कोणी पाहिले आहे का?

प्रतिसाद २

मी स्वतःसाठी तसे केले आहे. आवाज दर मिनिटाला कमी होतो आणि सहाव्या मिनिटानंतर पूर्ण थांबतो. शेवटी ते ‘शेवटच्या मिनिटात किती श्वास घेतलेत?’ असे विचारते आणि पट्ट्याने मोजलेला आकडा शेजारी दाखवते. गुण देत नाही. पहिल्या दिवशी मी ७ सांगितले होते, पट्ट्याने ११ दाखवले.