शुगर उतरण्याची भीती सीबीटी या मानसोपचाराने कमी होते का?

प्रश्न:
माझे वय ४६ असून ९ वर्षांपासून मी इन्सुलिन घेते. दोन वर्षांपूर्वी एसटीत शुगर ५२ पर्यंत उतरली आणि तेव्हापासून मनात जी धास्ती बसली ती जात नाही. जरा घाम फुटला, की न मोजताच मी बिस्किटे खाते आणि रात्री तीन-तीनदा उठून शुगर तपासते. परिणामी एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर दाखवणारी चाचणी) ७.२ वरून ८.९ वर गेले आहे. डॉक्टरांनी सीबीटी (कॉग्निटिव्ह बिहेवियरल थेरपी, म्हणजे विचार आणि वागण्याच्या सवयी बदलण्याचा उपचार) सुचवली आहे, परंतु नुसत्या बोलण्याने हे कसे सुटणार?

उत्तर १:
मी या क्षेत्रात काम करतो. सीबीटीमध्ये बोलण्यापेक्षा सराव अधिक असतो. शुगर उतरली काय किंवा माणूस घाबरला काय, शरीरात ॲड्रेनलिनच वाढते, त्यामुळे घाम आणि थरथर दोन्ही वेळी सारखीच जाणवते व मन प्रत्येक वेळी वाईटच अर्थ लावते. यासाठी ग्लुकोमीटर लावण्यापूर्वी लक्षण आणि अंदाजे आकडा वहीत लिहायचा, मग खरा आकडा त्याच्याशेजारी मांडायचा. अमेरिकेतील व्हर्जिनिया विद्यापीठात डॅनिएल कॉक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विकसित केलेल्या प्रशिक्षणातही असा अंदाजाचा सराव आहे.

उत्तर २:
मीही हा सराव केला आहे. माझ्या वहीतील पहिली नोंद ‘अंदाज ६०, प्रत्यक्षात १४८’ अशी होती आणि ती पाहून मलाच हसू आले. मात्र डॉक्टरांच्या संमतीने रात्रीची तपासणी तीनवरून एकवर आणताना पहिले आठ-दहा दिवस फार जड गेले, हेही सांगितले पाहिजे.

उत्तर ३:
डॉक्टर या नात्याने थोडी भर घालतो. आकडा ७० च्या खाली असल्यास दीर्घ श्वसन करत बसू नये. १५ ग्रॅम साखर, म्हणजे साधारण तीन लहान चमचे, पाण्यातून घेऊन १५ मिनिटांनी पुन्हा मोजावे. मोजणे शक्य नसेल, तर शुगर उतरली आहे असे समजूनच वागावे. बिस्किटांतील स्निग्धांशामुळे शुगर उशिरा चढते. तसेच रक्तदाबासाठीच्या बीटा-ब्लॉकर गोळ्यांमुळे धडधड व थरथर दबते, घाम मात्र येतो. अशा गोळ्या चालू असल्यास मानसोपचारतज्ज्ञांना अवश्य सांगावे, पण स्वतःहून बंद करू नयेत.

प्रश्नकर्ती:
एसटीत मला धडधड जाणवलीच नव्हती आणि ॲटेनोलॉल ही बीटा-ब्लॉकर गोळी तेव्हाही चालू होती. पहिल्या भेटीला जाताना वहीबरोबर गोळ्यांची चिठ्ठीही नेते.