‘रिक्रूटिंग व्हायोलेशन’ला मराठीत नेमके काय म्हणावे?

अक्षरवेल: अमेरिकी कॉलेज फुटबॉलवरच्या माहितीपटाची मराठी उपशीर्षके करते आहे. विषय टेनेसी विद्यापीठाचा. प्रशिक्षक जेरेमी प्रुइट यांच्या काळात खेळाडू मिळवताना नियम मोडल्याचा संशय, मग एनसीएएची, म्हणजे कॉलेज खेळांच्या नियामक संघटनेची चौकशी आणि जुलै २०२३ मध्ये निकाल. ‘भरतीतील संशयित उल्लंघने’ असे मी लिहिले होते, संपादकांनी तिन्ही शब्दांवर काट मारली. ओळ पडद्यावर तीन सेकंदच राहते, त्यामुळे लांब शब्द चालणार नाही. काय लिहू?

माणदेशी: ‘संशयित’ आधी काढा. मराठीत संशयित माणूस असतो, कृत्य नव्हे. ‘नियमभंगाचा संशय’ म्हणा, अक्षरेही वाचतील.

गोदातीर: ‘भरती’ही नको. भरतीत जाहिरात निघते, उमेदवार अर्ज करतो आणि रांगेत उभा राहतो. इथे उलटे आहे. सतरा वर्षांच्या पोराच्या शाळेत प्रशिक्षकच चकरा मारतात. आपल्याकडे याला सरळ ‘पळवापळवी’ म्हणतात.

माणदेशी: पळवापळवी म्हटले की प्रकारच बेकायदा ठरतो. रिक्रूटिंग कायदेशीर आहे, मोडतात ते त्याचे नियम. दुसऱ्या कॉलेजातल्या खेळाडूने ट्रान्सफर पोर्टलमध्ये, म्हणजे कॉलेज बदलू इच्छिणाऱ्यांच्या यादीत, नाव घालण्याआधीच त्याच्याशी संधान बांधले, तर त्याला पळवापळवी किंवा फोडाफोडी म्हणा. त्याला तिकडे ‘टॅम्परिंग’ असा वेगळाच शब्द आहे.

शुद्धमती: ‘खेळाडूनिवड-नियमभंग’ हा निर्दोष सामासिक शब्द आहे. आपण समास करायचे सोडले, म्हणून इंग्रजी शब्द घरात घुसले.

गोदातीर: निर्दोष असेल, पण तीन सेकंदांत वाचून होणार नाही. शिवाय निवड तर खेळाडू करतो! पाच कॉलेजे मागे लागतात, त्यातले एक तो निवडतो.

अक्षरवेल: ‘डेड पिरियड’चेही सांगा. मी ‘संपर्कबंदीचा काळ’ केले आहे.

पंचनामा: ते चूक आहे, आणि अर्थच फिरवणारी चूक आहे. एनसीएएच्या नियमात ‘कॉन्टॅक्ट’ म्हणजे फक्त समोरासमोरची भेट. डेड पिरियडमध्ये फोन आणि मेसेज चालतात. बंद असते ती भेट, कॉलेजच्या आवारात आणि बाहेरही. ‘क्वाएट पिरियड’मध्ये आवारात भेटता येते, बाहेर नाही. ‘इव्हॅल्युएशन’मध्ये प्रशिक्षकाने शाळेत जावे, खेळ पाहावा, गुरुजींशी बोलावे, पण आवाराबाहेर त्या पोराला भेटू नये. म्हणून ‘भेटबंदी’ म्हणा. संपर्कबंदी म्हटले तर साधा फोन केला तरी नियम मोडला, असा प्रेक्षकाचा समज होईल.

माणदेशी: वाटेत अचानक गाठ पडली तर?

पंचनामा: नमस्कार-चमत्कारापुरते बोलून पुढे जायचे. त्यापलीकडे बोलणे वाढले की ती ‘भेट’ झाली. आणि गाठ आधी ठरवलेली असेल, किंवा पोराच्या शाळेच्या आवारात, सरावाच्या अथवा सामन्याच्या ठिकाणी पडली असेल, तर एक शब्द न बोलताही ती भेटच धरतात. शाळेच्या व्हरांड्यात ‘योगायोगाने’ समोर येणारे प्रशिक्षक इथेच अडकतात. तिकडे याला ‘बंप’ म्हणतात. याला मराठीत ‘धडक’ करू नका, ‘ओझरती गाठ’ बरे.

शुद्धमती: ‘उल्लंघन’ का कापले ते कळले नाही. लंघ् म्हणजे ओलांडणे. इतका चांगला शब्द.

गोदातीर: दसऱ्याला आपण सीमोल्लंघन करून सोने लुटतो, त्यात गुन्ह्याचा वास नाही. नियम ‘मोडतात’, साधे क्रियापद वापरा.

शुद्धमती: वाहतुकीच्या नियमांचे उल्लंघन रोज छापून येते, तिथे कोणाला दसरा आठवत नाही.

अक्षरवेल: पुढची ओळ फार महत्त्वाची आहे. प्रुइट यांना सहा वर्षांची ‘शो-कॉज ऑर्डर’. मी ‘कारणे दाखवा नोटीस’ केले.

पंचनामा: हे तर मुळीच ठेवू नका! आपली कारणे दाखवा नोटीस शिक्षेच्या आधी येते आणि ज्याच्यावर ठपका आहे त्याच्याच हातात पडते. एनसीएएची शो-कॉज ऑर्डर हीच शिक्षा आहे. या मुदतीत जे कॉलेज त्या प्रशिक्षकाला नोकरीवर घेईल, त्याने कारण द्यायचे की आपल्याला ही बंधने का लागू होऊ नयेत. प्रुइट यांच्याबाबत तर नेमणूक झाल्यास पहिला अख्खा हंगाम निलंबन अशी अट आहे. नोटिशीशी जुळणारी गोष्ट म्हणजे आधी येणारी ‘नोटीस ऑफ अलिगेशन्स’, तिला ‘आरोपांची नोटीस’ म्हणा.

माणदेशी: मग ‘नेमणूकबंदी’?

पंचनामा: कागदोपत्री बंदी नाही, व्यवहारात मात्र तसेच होते. मिशिगन विद्यापीठाचे तेव्हाचे प्रशिक्षक जिम हारबॉ यांना तिथल्या प्रकरणात ऑगस्ट २०२४ मध्ये चार वर्षांची मिळाली. त्यात भेटबंदीच्या काळात घेतलेल्या भेटी होत्या आणि चौकशीला सहकार्य न केल्याचा ठपकाही होता. तोवर ते व्यावसायिक लीगमध्ये गेले होते, तिथे हा आदेश लागत नाही. ‘सशर्त नेमणूक-बंधन’ अचूक आहे, पण लांब.

गोदातीर: टेनेसीत नक्की काय दिले होते? त्यावरून शब्द सुचेल.

पंचनामा: कॉलेज पाहायला खेळाडूने स्वखर्चाने यायचे त्या ‘अनऑफिशियल’ भेटींचा हॉटेल-जेवणाचा खर्च कॉलेजच्या लोकांनी केला, शिवाय रोख रक्कमही दिली. एकूण सुमारे ६०,००० डॉलर. १८ गंभीर प्रकार, त्यांत दोनशेहून अधिक घटना, आणि दंड ८० लाख डॉलर.

गोदातीर: मग शब्द तयार आहे, ‘आमिष’! मतदारांना दाखवतात तेच. आमिष म्हणजे मुळात मांस, गळाला लावायचे. निरामिष त्यातूनच आले.

माणदेशी: १९८७ मध्ये सदर्न मेथॉडिस्ट विद्यापीठाचा अख्खा हंगाम रद्द झाला तो खेळाडूंना पैसे दिल्यामुळे, आणि ते पैसे संघात आधीच असलेल्या खेळाडूंना दरमहा मिळत होते. मासा टोपलीत आल्यावर आमिष कसले? त्याला ‘हप्ता’ म्हणा. आणि १ जुलै २०२१ पासून खेळाडूला आपले नाव-प्रतिमा जाहिरातीत वापरू देण्याचे पैसे राजरोस घेता येतात, आता तर कॉलेजही उत्पन्नातला थेट वाटा देते. कालचे आमिष आज मोबदला झाले आहे.

पंचनामा: सगळे नाही. या पैशांवरून झालेल्या खटल्यातल्या २०२५ च्या समझोत्यानंतरही बाहेरच्याशी झालेला ६०० डॉलर किंवा जास्तीचा करार खेळाडूला कळवावा लागतो, आणि तो खऱ्या कामाचा आहे का हे तपासतात.

अक्षरवेल: बरं, पैसे देणारा ‘बूस्टर’? ‘देणगीदार’ चालेल?

शुद्धमती: ‘आश्रयदाता’.

पंचनामा: देणगी न देताही बूस्टर होता येते. खेळाडू आणायला मदत केली किंवा त्याला नोकरी लावून दिली तरी पुरे. आणि एकदा शिक्का बसला की तो कायमचा, देणगी बंद केली तरी पुसत नाही. मला ‘पाठीराखा’ योग्य वाटतो. फक्त ‘माजी पाठीराखा’ कुठे लिहू नका, नियमात तसे कोणी नसते.

शुद्धमती: पाठीराखा म्हणजे भाऊ हो! ओवीतला शब्द लाच देणाऱ्याला द्यायचा?