मदत हवी आहे : 'गुराब' हा शब्द कसा चालवायचा?

नमस्कार मंडळी. शाळेतल्या मुलांसाठी कान्होजी आंग्रे यांच्या आरमारावर एक गोष्ट लिहितेय आणि 'गुराब' या शब्दापाशी अडलेय.

अर्थ मला माहीत आहे. दोन किंवा तीन डोलकाठ्यांचं लढाऊ जहाज, नाळ (म्हणजे जहाजाचं पुढचं टोक) लांब पुढे आलेली, तिथूनच समोर तोफा डागायच्या. गलबत त्याहून लहान, शिडांबरोबर वल्ह्यांवरही चालणारं. वारा पडला की गलबतं गुराबांना ओढून नेत, हे तर मला फारच आवडलं! मूळ अरबी शब्दाचा अर्थ कावळा. इंग्रजांनी त्याचंच 'ग्रॅब' केलं.

माझी अडचण व्याकरणाची आहे. जुन्या लिखाणात अनेकवचन 'गुराबा' दिसतं, म्हणजे शब्द स्त्रीलिंगी धरायचा ना? मग 'गुराबेवर चढले' की 'गुराबीवर'? 'वाट-वाटेवर' आणि 'भिंत-भिंतीवर' अशी दोन्ही वळणं आपल्याकडे आहेत, पण 'गुराबा'वरून मला 'गुराबेवर' बरोबर वाटतं.

विजयदुर्ग, देवगड, मालवणकडच्या कुणी घरातल्या जुन्या माणसांच्या तोंडी हा शब्द ऐकलाय का? ऐकला असेल तर ते अख्खं वाक्य जसंच्या तसं लिहा, प्लीज. सोपं म्हणून नुसतं 'जहाज' लिहून मोकळं व्हायचं नाहीये मला.