मदत हवी आहे: नवीन शाखा, जुनी शाखा आणि पोरीचं धावणं (जळगाव-धुळे)

तापीकाठ:
नमस्कार मंडळी. मुलगी बारावी सायन्सला आहे, आम्ही अमळनेर तालुक्यातले. 1500 आणि 5000 मीटर धावते, शालेय स्पर्धांत विभागापर्यंत जाऊन आली. अभ्यासात बरी आहे, गणितात चांगली. इंजिनिअरिंगच करायचं आणि धावणंही सोडायचं नाही, हे तिनेच ठरवलंय. आम्ही फक्त फी भरणारे.

जळगावकडच्या एका खासगी कॉलेजात जाऊन आलो. आधी तिथे मेकॅनिकल, सिव्हिल, इलेक्ट्रिकल, कॉम्प्युटर एवढंच होतं. दोनेक वर्षांत एआय-डेटा सायन्स सुरू झालं, कॉम्प्युटरच्या जागा वाढल्या, शिवाय बीसीए आलं. माहितीपत्रकात एका पानावर रोबोट आणि समोरच्या पानावर पदकं घातलेली पोरं. प्रत्यक्षात नव्या इमारतीचे कॉलम मैदानातच उभे राहिलेत. विचारलं तर म्हणाले, "मैदान मागच्या बाजूला करतोय." मागच्या बाजूला तूर उभी होती.

प्रश्न असा की नवी शाखा घ्यावी की इलेक्ट्रिकलसारखी जुनी? तिकडचे साहेब म्हणाले, जमलं नाही तर बीसीए आहेच. आणि खेळाडू मुलीसाठी कॉलेजात नेमकं काय विचारायचं असतं? आमच्या घरात इंजिनिअरिंगला जाणारी ही पहिलीच.

मैदानावरचा_म्हातारा:
भाऊ, मी कॉलेजात क्रीडा संचालक होतो, आता निवृत्त आहे. सगळ्यात आधी एक गोष्ट विचारा, जी माहितीपत्रकात कधीच नसते: कोणत्या कोर्सची संलग्नता कोणत्या विद्यापीठाशी आहे?

आपल्याकडची बरीचशी खासगी इंजिनिअरिंग कॉलेजं आता रायगडमधल्या लोणेऱ्याच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठाशी, म्हणजे 'बाटू'शी जोडलेली आहेत. त्याच आवारातलं बीसीए मात्र उमविचं, म्हणजे जळगावच्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाचं, असू शकतं. आंतरविद्यापीठ स्पर्धेत खेळाडू ज्या विद्यापीठात शिकतो त्याच्याकडूनच उतरतो. म्हणजे एकाच ट्रॅकवर सराव करणाऱ्या दोन मैत्रिणी, एकीचा टी-शर्ट लोणेऱ्याचा, दुसरीचा जळगावचा. खो-खो, कबड्डीवाल्यांचे तर हाल होतात, बारा चांगल्या पोरी कॅम्पसमध्ये असून एक संघ होत नाही. कोर्स वाढवताना हा विचार कोणी करत नाही. मी मीटिंगमध्ये बोललो होतो, तेव्हा चहा आला आणि विषय बदलला.

तुमच्या मुलीचा खेळ वैयक्तिक आहे, त्यामुळे संघाचा प्रश्न नाही. पण निवड कुठे होणार, हा आहे. उमविच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत नंदुरबार-साक्रीकडच्या आणि सातपुड्यातल्या पोरी उतरतात. लांब पल्ल्याला त्यांना गाठणं सोपं नाही. तंत्रशास्त्र विद्यापीठात नियमित धावणाऱ्या मुली कमी असतात, तिथे निवड सोपी जाईल असा माझा अंदाज. मात्र पुढे अखिल भारतीय स्पर्धेला सगळे एकाच रेषेवर उभे राहतात, तिथे सोपी निवड कामाला येत नाही. मला विचाराल तर कठीण विद्यापीठातून धावलेली पोरगी लवकर सुधारते. पण पदवीसाठी विद्यापीठ निवडायचं असतं, धावण्यासाठी नाही, हेही खरं.

दुसरं, आंतरविद्यापीठ स्पर्धा साधारण हिवाळ्यात येतात आणि हिवाळी सत्र परीक्षा त्याच सुमारास. पेपर आणि स्पर्धा एका दिवशी आली तर काय, हे लेखी विचारा. तोंडी सगळेच "बघू" म्हणतात. क्रीडा संचालकाचं पद भरलेलं आहे की मेकॅनिकलच्या एखाद्या सरांकडे अतिरिक्त चार्ज, तेही बघा.

सर्किटवाला:
शाखेबद्दल मी सांगतो, शिकवायलाच आहे. 2024-25 पासून एआयसीटीईने, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय नियामक संस्थेने, चांगल्या संस्थांसाठी शाखानिहाय जागांची मर्यादा उठवली. बीबीए-बीसीएही त्याच वर्षापासून एआयसीटीईखाली आले. म्हणून एवढे नवे फलक दिसतात. कॉम्प्युटरच्या जागा भरतात, सिव्हिल-मेकॅनिकलच्या रिकाम्या राहतात. संस्था कुठे वळणार, ते उघडच आहे.

नवी शाखा वाईट असते असं नाही. पण एआय-डेटा सायन्सचं पहिलं वर्ष जवळपास सगळ्या शाखांसारखंच असतं, खरी कसोटी तिसऱ्या वर्षाला लागते. तेव्हा मशीन लर्निंग कोण शिकवणार? एआयसीटीईच्या हिशोबाने वीस विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक हवा. कॉलेजच्या वेबसाइटवर 'मँडेटरी डिस्क्लोजर' (सक्तीने जाहीर करायची माहिती) असतं, त्यातली शाखानिहाय शिक्षकांची यादी काढा. तेच नाव कॉम्प्युटरच्या आणि एआयच्या दोन्ही यादीत दिसलं तर काय समजायचं ते समजा.

एनबीएचं, म्हणजे राष्ट्रीय मानांकन मंडळाचं, मानांकन शाखेला मिळतं, कॉलेजला नाही. त्यासाठी त्या शाखेच्या किमान दोन बॅचेस बाहेर पडलेल्या लागतात. 2024 ला सुरू झालेल्या शाखेची पहिली बॅच 2028 ला, दुसरी 2029 ला बाहेर पडेल. "आमचं कॉलेज एनबीए आहे" असं कोणी म्हटलं की विचारा, कोणती शाखा?

गणित चांगलं असेल तर मी इलेक्ट्रिकल आधी ठेवीन. महावितरण, महापारेषण, रेल्वे, भुसावळ-दीपनगरचं औष्णिक केंद्र, हे सगळं आपल्या दाराशी आहे. प्रोग्रामिंग ती शाखेबाहेरही शिकू शकते.

भरीत_पार्टी:
पोरले पयू द्या भो, बाकी व्हई जाई!

जळगावची_मावशी:
ताई-दादा, फीचं कोणी बोललं नाही. 2024 पासून राज्य सरकार ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींची व्यावसायिक कोर्सची शिक्षण आणि परीक्षा फी पूर्ण माफ करतं, घरचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत हवं. पण प्रवेश कॅपमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेऱ्यांतून, झालेला पाहिजे. मॅनेजमेंट कोट्यातून घेतला तर विसरा. दाखले आत्ताच काढून ठेवा, जूनमध्ये सेतूवर रांगा लागतात.

आणि वसतिगृहाचं फाटक किती वाजता उघडतं ते विचारा. माझ्या भाचीच्या वसतिगृहात सहाच्या आधी बाहेर सोडत नाहीत. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये सहा वाजले की ऊन चढायला लागतं, कसली धावते पोरगी?

तापीकाठ:
फाटकाचं तर डोक्यातच नव्हतं. खेळाडूंसाठी राखीव जागा नसतात का? दहावीला खेळाचे वाढीव गुण मिळाले होते तिला.

सर्किटवाला:
कॅपमध्ये खेळाडूंचा कोटा नाही. इंजिनिअरिंगची मेरिट सीईटीच्या पर्सेंटाइलवर लागते, बारावीचे खेळाचे वाढीव गुण त्यात धरत नाहीत. आयआयटी मद्रासने 2024-25 पासून प्रत्येक पदवी कोर्सला दोन जास्तीच्या जागा खेळाडूंना ठेवल्या, त्यातली एक मुलीसाठी. पण त्याला जेईई अॅडव्हान्स्डमध्ये रँक आणि राष्ट्रीय किंवा आंतरराष्ट्रीय पदक, दोन्ही लागतं.

मैदानावरचा_म्हातारा:
तरी प्रमाणपत्रं जपून ठेवा. राज्य शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंना पाच टक्के समांतर आरक्षण आहे. त्यासाठी प्रमाणपत्राची पडताळणी आधी करून घ्यावी लागते, आपल्याला नाशिकच्या उपसंचालक कार्यालयात. लॅमिनेशन करू नका, मागचा शिक्का वाचता येत नाही.

तापीकाठ:
सगळ्यांचे आभार. आज फोन केला. बीसीए उमविचंच आहे, बाकी लोणेरे. क्रीडा संचालकाचं पद भरलेलं आहे. परीक्षेचं मात्र "बघू". मुलीला धागा दाखवला, ती म्हणते इलेक्ट्रिकल वर आणि एआय खाली, पण कॉलेज तेच नको. 2025-26 पासून पहिल्या फेरीत पहिली पसंती लागली की तीच पक्की होते म्हणे, म्हणून पहिल्या नंबरचं नाव फार जपून टाकायचंय. धुळे-शिरपूरकडे मुलींचं वसतिगृह पहाटे पाचला उघडणारं कोणाला माहीत असेल तर इथेच लिहा.