मदत हवी आहे: सेवा केंद्रात लिनक्स टाकलं, पण थंब मशीन आणि प्रिंटर चालायला तयार नाहीत

राम राम मंडळी. औसा तालुक्यात माझं ऑनलाइन सेवा केंद्र आहे. सातबारा, पीक विमा, उत्पन्नाचे दाखले, कॉलेजचे फॉर्म आणि अंगठा लावून पैसे काढणं ही रोजची कामं. कॉम्प्युटर जुने, चौथ्या पिढीचे आय थ्री. 14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा सपोर्ट संपला. विंडोज 11 ला इंटेलचा आठव्या पिढीचा तरी प्रोसेसर आणि टीपीएम 2.0 ही सुरक्षेची चिप लागते, त्यात आमचे बसत नाहीत. वर्षभराची वाढीव मुदत आहे, ती ऑक्टोबर 2026 पर्यंत. धडधाकट कॉम्प्युटर भंगारात घालायचं जिवावर येतं, म्हणून विंडोजच्या जागी लिनक्स मिंट ही फुकट ऑपरेटिंग सिस्टिम टाकली.

ब्राउझर, लिब्रेऑफिस, मराठी इनस्क्रिप्ट, वायफाय, स्कॅनर, सगळं पहिल्या दणक्यात चाललं. अडलंय दोन ठिकाणी. आधारचा अंगठा घ्यायला थंब मशीनसोबत आरडी सर्व्हिस (ठसा सुरक्षित करून पोर्टलला देणारं सॉफ्टवेअर) लागते, ती आमच्या मशीनला फक्त विंडोज आणि अँड्रॉइडसाठी आहे. आणि स्वस्तातला लेझर प्रिंटर: कंपनीच्या साइटवर लिनक्सचा ड्रायव्हर (यंत्र चालवणारं सॉफ्टवेअर) म्हणायला आहे, पण 32 बिटचा, कोण्या काळातला. हेल्पलाइनला फोन लावला की, "सर, लिनक्स सपोर्ट नाही, विंडोज टाका."

आता माझा प्रश्न. अँड्रॉइडच्या पोटात लिनक्सचाच गाभा आहे ना? मग तीच थंब मशीन फोनला जोडली की चालते आणि लिनक्सच्या डेस्कटॉपला जोडली की मुकी का होते? "गिऱ्हाईक कमी" एवढंच सांगू नका, ते मलाही कळतंय. केरळच्या सरकारी शाळांत लिनक्स आहे, आपल्या सी-डॅक या सरकारी संस्थेचं बॉस लिनक्स 2007 पासून आहे, संरक्षण खात्यानं 2023 मध्ये माया हे लिनक्स आणलं. तरी कंपन्यांना दिसत नाही का? आणि नवा प्रिंटर घ्यायचा झाला तर काय बघून घ्यावा?

तेरणाकाठचा:
गाभा एक असला तरी त्यावरचा पसारा वेगळा आहे भाऊ. फोनवरची आरडी सर्व्हिस म्हणजे साधं ॲप. अँड्रॉइडनं ॲपला यूएसबीशी थेट बोलायची सोय दिलीय, त्यामुळं गाभ्यात हात घालावाच लागत नाही. डेस्कटॉप लिनक्सवरही लिबयूएसबी ही तयार सॉफ्टवेअर लायब्ररी वापरून हे जमतं. म्हणजे तंत्र अडलेलं नाही. अडतं ते पुढं. आधारसाठी यंत्र आणि त्याची आरडी सर्व्हिस तपासून, प्रमाणित करून घ्यावी लागते. नवा प्लॅटफॉर्म म्हणलं की तपासणी नवी, खर्च नवा. त्यात डेस्कटॉप लिनक्स हा एक प्लॅटफॉर्म नाहीच. मिंट, फेडोरा, डेबियन, प्रत्येकाचं पॅकेज आणि लायब्ररीची आवृत्ती निराळी. हेल्पलाइनवरच्या पोराला यातलं कोणतं शिकवायचं?

तुम्ही दिलेली केरळची, संरक्षण खात्याची उदाहरणं खरी आहेत, पण शाळेला थंब मशीन लागत नाही आणि संरक्षण खातं तुमच्या दुकानातला प्रिंटर घेत नाही. गिऱ्हाईक आहे, पण त्या वस्तूचं नाही.

गोदातीर, नांदेड:
वरच्यात भर. लिनक्सच्या गाभ्यात ड्रायव्हरला जोडायची आतली रचना मुद्दाम पक्की ठेवलेली नाही, ती बदलत राहते. ड्रायव्हर गाभ्याच्या मूळ कोडमध्ये सामील झाला की बदल करणारेच तो सोबत दुरुस्त करतात. बाहेर ठेवला तर जुन्या माळवदासारखं, दर मिरगाच्या आधी वर चढून माती टाका, नाहीतर गळायला लागतं. आत द्यायचा तर सोर्स (मूळ कोड) उघडा करावा लागतो, आणि चिप दुसऱ्याकडून घेतलेली असेल तर गुप्ततेच्या कराराने कंपनीचे हात बांधलेले. 2007 मध्ये गाभ्याच्या विकासकांपैकी ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी जाहीर सांगितलं होतं की तुम्ही माहिती द्या, ड्रायव्हर आम्ही फुकट लिहून देतो. म्हणजे दर वेळी पैशाचीच अडचण असते असं नाही. माझ्या मते कंपन्यांचा आळस यात निम्मा तरी आहे.

प्रिंटरचं दुखणं वेगळं. स्वस्त लेझरमध्ये पान तयार करायचं डोकं प्रिंटरमध्ये नसतंच. ते काम कॉम्प्युटरवर ढकललेलं असतं आणि दोघांमधली भाषा कंपनीची खासगी. ती भाषा बोलणारा ड्रायव्हर नसेल तर प्रिंटर नुसता डबा. नवा घेताना खोक्यावर एअरप्रिंट, मोप्रिया किंवा आयपीपी एव्हरीव्हेअर लिहिलेलं बघा. असा प्रिंटर नेटवर्कला जोडला की कप्स (लिनक्सची छपाईची यंत्रणा) त्याला बहुतेक वेळा ड्रायव्हरशिवायच ओळखतं. जुना ऑफिसातला घ्यायचा तर पोस्टस्क्रिप्ट किंवा पीसीएल या छपाईच्या प्रचलित भाषा कळणारा बघा. गंमत म्हणजे मुक्त सॉफ्टवेअरची चळवळच प्रिंटरवरून पेटली म्हणतात: एमआयटीत रिचर्ड स्टॉलमन यांना झेरॉक्सच्या लेझर प्रिंटरचा सोर्स मिळाला नाही, तिथून ठिणगी.

तुमच्या प्रिंटरचं एलएसयूएसबी या कमांडचं (जोडलेल्या यूएसबी यंत्रांची यादी देते) आउटपुट इथं टाका. फूमॅटिक या प्रिंटर ड्रायव्हरांच्या संग्रहात कोणी त्याची भाषा उकललेली असेल तर सांगतो. आणि अंगठ्याचं काम फोनवरच का घेत नाही?

धागाकर्ता:
आउटपुट रात्री टाकतो, आता पीक विम्याची गर्दी आहे. दोघांचेही आभार, माळवदाचं बरोबर पटलं.

पैसे काढायचं फोनवर होतंय. पण काही पोर्टल डेस्कटॉपच्या ब्राउझरमधूनच अंगठा मागतात. ते त्याच कॉम्प्युटरवर 11100 ते 11120 या पोर्टांत (कॉम्प्युटरमधल्या जोडणीच्या क्रमांकांत) आरडी सर्व्हिस शोधतात, तिथं फोनचा उपयोग नाही. एका कॉम्प्युटरचं विंडोज 10 वाढीव मुदतीवर ठेवलंय, पण ऑक्टोबर 2026 नंतर काय? मिंटवरच व्हर्च्युअलबॉक्समध्ये (कॉम्प्युटरच्या आत दुसरा आभासी कॉम्प्युटर चालवणारं सॉफ्टवेअर) विंडोज 11 टाकून, थंब मशीनची यूएसबी आत देऊन, पोर्टलही त्या आतल्याच ब्राउझरमध्ये उघडलं तर चालेल का? लायसन्स विकत घ्यायची तयारी आहे, पण चौथ्या पिढीचा आय थ्री आणि 8 जीबी रॅम एवढं ओढील का? कोणी सेवा केंद्रात हे रोज चालवत असेल तर त्यांनीच सांगा.